एक माणूस अजून वर हाय

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

हे वाचणाऱ्या, आधी चष्मा शोध. कपाळावर आहे. काल पण तिथंच होता!

हे मी आमच्या मालकांना म्हणत नाही. त्यांचं विसरणं डॉक्टरच्या कागदावर आलंय, त्याला गोळी आहे. मी म्हणते ते बाळासोला, माझ्या लेकाला. त्याच्या विसरण्याला गोळी नाही. ही वही पुढंमागं त्याच्याच कपाटात सापडणार आणि तो विचारणार, कुणाची ही? तुझ्या आईची, बाबा. झुंबरबाईची. मंगळवार पेठेत तुझ्याच घरात राहते, गाठ पडली तर बघ.

मला अक्षर येत नाही. मी बोलते, सून लिहिते. पूर्णिमा शाळेत शिकवते, त्यामुळं माझं बोलणं इस्त्री करून उतरवते. मी 'हाय' म्हटलं की ती 'आहे' लिहिते. वाचून दाखवताना पकडलं मी तिला. लिहू दे. मधेच सासूची निंदा घुसडू नको म्हटलं, तर हसली. हसली ते पण लिही म्हटलं.

वही डॉक्टरांमुळं आली. आण्णा काय खातात, कधी चिडतात, कधी शांत असतात, रोज लिहा म्हणाले. आण्णा म्हणजे आमचे मालक. सगळं जग त्यांना आण्णा म्हणतं, मी एकटी मालक म्हणते. नावाला तरी कुणी मालक असावा घरात!

तर आजचं: सकाळी चहात बुडवून अर्धं बिस्कीट. दुपारी ताट सरकवलं. संध्याकाळी परत ताट सरकवलं.

"एक माणूस अजून वर हाय," म्हणाले. "ते उतरल्याबिगर जेवायचं कसं?"

दिवाळीपासून हेच चाललंय.


मंगळवार, ४ नोव्हेंबर

पाव भाकरी. ती पण मी खोटं बोलले म्हणून. "उतरलं माणूस," म्हटलं. दोन-तीन घास खाल्ले आणि मान वर करून विचारलं, "खडा उचलला?"

मी भाकरी पुढं केली. ताट सरकलं.


गुरुवार, ६ नोव्हेंबर

पूर्णिमा म्हणते, आई, ते खड्याचं एकदा नीट सांगा. वाचणाऱ्याला कळायचं नाही. वाचणाऱ्याला चष्मा सापडला असेल तर ऐक म्हणावं.

आमची हिरडेवाडी डोंगराच्या पोटाशी. वर सडा — कातळाचं लांबच लांब पठार. माझं लग्न होऊन चार वर्षं झाली आणि तो सडा लष्करानं घेतला. नव्या तोफा तिथं आणायच्या, उडवून बघायच्या, पारखायच्या. कागदावर फायरिंग रेंज, आमच्या तोंडी चांदमारी. पाऊस सरला की सुरू. चार दिवस तोफ, दोन दिवस बंद. घरातली भांडी फळीवरून आपोआप खाली यायची. नवऱ्याशी भांडायला बायकांना निमित्त लागायचं नाही, तोफच सुरुवात करून द्यायची.

पण वाडीतल्या माणसांनी वर जायचं थांबवावं कसं? गुरं वर, हिरडा वर, सरपण वर. पहाटे अंधारातच चढायची माणसं. आणि आठला तर तोफेची तयारी! तेव्हा लष्करानं एक निशाणवाला नेमला. आमचे मालक. चोवीस वर्षांचं पोरगं होतं, मिशी नुकती जमली होती.

वर जायची वाट एकच, खिंडीतली. खिंडीत दगडाचा ओटा होता. मालकांनी कायदा केला: वर जाणाऱ्यानं ओट्यावर आपला खडा ठेवायचा, उतरताना उचलायचा. ज्याचा त्याचा खडा ठरलेला. कुणाचा काळा, कुणाचा लाल, कुणाचा कौलाचा तुकडा. दुसऱ्याचा खडा दुसऱ्यानं उचलायचा नाही, अगदी नवरा-बायकोचा असला तरी. ओटा रिकामा झाला की मगच मालक लाल निशाण चढवणार. आणि पलीकडं साहेब दुर्बिणीतून निशाण बघणार, मग तोफ.

म्हणजे लाल निशाणाचा अर्थ: वर कुणी नाही, उडवा.

एकदा आमची धोंडुबाई हिरडा गोळा करायला गेली आणि ओढ्याच्या अंगानं परस्पर माहेरी उतरली. खडा ओट्यावर! तीन वाजेपर्यंत तोफ गप्प. मोठे साहेब लालेलाल होऊन खिंडीत आले. मालक ओट्याला पाठ लावून बसलेले. म्हणाले, "सायब, खडा हाय म्हंजे माणूस हाय." साहेबांनी शिव्या दिल्या, त्या इंग्रजीत होत्या म्हणून मालकांना लागल्या नाहीत. धोंडुबाई सापडली माहेरी, पुरणपोळी खाताना! सगळी वाडी तिला मारायला उठली. मालकांनी तिला ओट्यापाशी आणलं, खडा उचलायला लावला आणि म्हणाले, "जा आता. ऱ्हायलेली पोळी खा."

एक्केचाळीस वर्षं हे काम केलं. एका माणसाला खरचटलं नाही.

सहा वर्षांपूर्वी भोंगा आला, मोबाइलवर तारखा यायला लागल्या. निशाण आता लष्कराचीच माणसं लावतात, खडे कुणी ठेवत नाही. मालकांचं काम संपलं आणि आम्ही बाळासोकडं कोल्हापूरला आलो. दोन वर्षांपासून एकेक गोष्ट डोक्यातून उतरायला लागली. आधी वार, मग गल्ली, मग नातवाचं नाव.

खडे तेवढे पाठ आहेत.


शनिवार, ८ नोव्हेंबर

आज बाळासोनं डोकं चालवलं. त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळं बिघाड दिसला की तार जोडायची एवढंच त्याला कळतं. आण्णांना निशाणाची काळजी आहे ना, मग निशाणच लावू! सकाळी गच्चीवर कपडे वाळवायच्या बांबूला लाल कापड बांधून मोकळा झाला. कापड माझं. नवं होतं!

"आण्णा, बघा वर. निशाण लागलं. या जेवायला."

मालकांनी वर बघितलं आणि जे उठले! जिना चढले — दोन महिन्यांत जिना चढले नव्हते — आणि ओरडत सुटले, "उतरवा! उतरवा त्ये! वर माणूस हाय! तोफ सोडतील!" बांबूला लटकले. मी खालून, पूर्णिमा मागून, बाळासो रडवेला. सगळी गल्ली खिडकीत.

कापड फाटलं तेव्हा शांत झाले. धापा टाकत मला म्हणाले, "वाचलं."

बाळासो दुकानात न जेवता गेला. त्याचा डबा तसाच ओट्यावर. बापलेकांची ही चांगली रीत आहे!


रविवार, ९ नोव्हेंबर

समोरची राजमती आली. जैनांची आहे, त्यांच्यात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. म्हणाली, "काकी, आण्णांची तोफ पण दिस मावळताना बंद व्हायची न्हवं? मग त्या टायमाला आमच्याकडं धाडा. आमी बी तेव्हाच बसतोय जेवायला."

धाडलं. पाटावर नीट बसले. आमटी-भाताचे चार घास खाल्ले, सुपारीएवढे का होईनात. मग राजमतीला विचारलं, "तुमची माणसं समदी आली घरला?"

"आली की आण्णा."

"आमचं न्हाय आलं," म्हणाले आणि हात धुतला.

राजमती मला दारात सांगत होती आणि डोळे पुसत होती. मी म्हटलं, कांदा चिरलास का गं? तुमच्यात तर कांदा चालत नाही!


सोमवार, १० नोव्हेंबर

नातू पृथ्वीराज पुण्यात नोकरीला. त्यानं मोबाइलवर तोफांचा व्हिडिओ पाठवला, आजोबांना गंमत वाटेल म्हणून. मालकांनी तोफेकडं बघितलंच नाही. मोबाइल डोळ्यांजवळ धरून मागचा डोंगर बघत बसले. कुणी दिसतंय का.


मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज मला "अहो बाई" म्हणाले. एक्कावन्न वर्षांच्या संसारात पहिल्यांदा अहो! मान मिळायला हे व्हावं लागलं.

दोन बिस्किटं.


बुधवार, १२ नोव्हेंबर

डॉक्टरांनी वजन केलं. त्रेचाळीस किलो. मागच्या महिन्यात एकोणपन्नास होते. वही बघितली, एक पान वाचून हसले, मग हसायचे थांबले.

म्हणाले, आणखी दहा-बारा दिवस बघू. पोटात अन्न गेलं नाही तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल.

बाळासो म्हणाला, घालूया.

मी विचारलं, उपटून टाकली तर? डॉक्टर म्हणाले, टाकतात पेशंट. मग हात बांधावे लागतात.

हे लिहू नको म्हटलं पूर्णिमाला. तिनं लिहिलं.


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज मी मालकांसमोर मांडी घालून बसले. म्हटलं, बघू तरी कोण वर राहिलंय ते. हिरडेवाडीचं वरचं घर धरलं आणि खालच्यापर्यंत एकेक नाव घेत गेले.

"थोरला आप्पा?"

"उतरला."

"त्याची म्हातारी?"

"उतरली. पाण्याला गेली."

"गुरव?"

"कवाच उतरलाय. बिडी वढत बसलाय बघा."

गुरव जाऊन वीस वर्षं झाली. थोरला आप्पा पण नाही. मालकांच्या हिशोबात मेलेली माणसंसुद्धा सुखरूप खाली आहेत. बेचाळीस नावं घेतली मी. ज्याला सकाळचा चहा आठवत नाही तो माणूस एकाही नावाला अडखळला नाही!

"धोंडुबाई?"

"ती माह्यारी. पोळी खातीया."

मी हसले. तेही हसले. किती दिवसांनी! पूर्णिमा स्वयंपाकघरातून बघायला आली.

मग मी विचारलं, "समदी उतरली, तर मग राहिलं कोण वर?"

हसू गेलं. म्हणाले, "तुमाला सांगून काय उपेग, बाई? तुमी आमच्या वाडीतल्या न्हाई."


रविवार, १६ नोव्हेंबर

सापडलं! पूर्णिमा, मोठ्या अक्षरात लिही.

हिरडेवाडीला नणंदेला फोन लावला. अंबूबाई — मालकांची धाकटी बहीण, ती अजून वाडीतच असते. तिला विचारलं, ह्यांनी काम सोडलं त्या दिवशी कुणी वर राहिलं होतं का गं?

"कोण ऱ्हाणार वैनी? त्या दिवशी तर सत्कार न्हवं का दादाचा! वर पलटणीनं लाडू वाटलं. फेटा बांधला दादाला. तुमी बी गेलतासा की."

"गेले होते. मग उतरताना?"

"उतरताना कुठलं उतरताना! जीपमधनं पल्याडच्या सडकंनं थेट कोल्हापूर गाठलासा. आमी सगळी खिंडीत हार घेऊन हुबी. दुपार झाली, फुलं सुकली. शेवटी शेळीला घातला म्या त्यो हार."

मी फोन ठेवला आणि पूर्णिमाला हाक मारली.

त्या दिवशी पहाटे आम्ही चालत गेलो होतो. खिंडीतून. म्हणजे मालकांनी ओट्यावर आपला खडा ठेवला होता. ठेवणारच! आणि उतरलो जीपमधनं, दुसऱ्याच वाटेनं. एक्केचाळीस वर्षं सगळी वाडी मोजून खाली आणली आणि स्वतःचा खडा ओट्यावरच राहिला.

ते स्वतःच वर आहेत.

जीप कुणी बोलावली? बाळासोनं. इकडं हॉटेलात जेवण सांगितलं होतं, उशीर होत होता. जीपमधे आधी कोण जाऊन बसलं? मी. चढून गुडघे सुजले होते, मांडीवर लाडूंचा डबा होता. मालक म्हणत होते, खिंडीतनं जाऊ, पाच मिनटाचं काम हाय. आम्ही दोघांनी हात धरून आत घेतलं. "चला आण्णा, उशीर होतोय."

तर गुन्हेगार सापडले. एक बाळासो, एक मी.


सोमवार, १७ नोव्हेंबर

बाळासोला सांगितलं. आधी हसला, मग विचारात पडला, मग चिडला.

"आई, सहा वर्षं झाली. एवढ्या पावसात खडा ऱ्हाईल व्हय?"

"दगड हाय त्यो. दूध न्हवं नासायला."

"आणि ह्यांना एवढ्या लांब न्यायचं? वाटेत काय झालं म्हंजे?"

"इथं काय होणार हाय ते डॉक्टरनं सांगितलंय."

उठला. मग बाहेर जाऊन कुणाकुणाला फोन केले. खिंडीतल्या चौकीवर विजयसिंह म्हणून हवालदार आहेत, त्यांचा नंबर मिळवला. ते म्हणाले, रविवारी तोफ बंद आहे, खिंडीपर्यंत या. त्याच्या पुढं सोडता येणार नाही.

पुढं जायचंय कुणाला!


गुरुवार, २० नोव्हेंबर

पाव भाकरी, दोन चमचे ताक. रविवार लांब आहे.


रविवार, २३ नोव्हेंबर

हे फोनवरून सांगतेय. पूर्णिमाच्या शाळेत काम होतं, ती कोल्हापुरातच राहिली. आम्ही तिघं हिरडेवाडीत, अंबूबाईच्या घरी. पूर्णिमा, ऐकू येतंय ना? मग हूं म्हण. नुसती मान हलवू नको, मला दिसत नाही.

गाडीतून उतरल्यावर मालकांनी आधी हवा हुंगली. खिंडीची चढण अर्ध्या तासाची. बाळासोनं त्यांना पाठीवर घेतलं. पोटावरून वर सरकणारा सदरा, घामानं डबडबलेला आमचा लेक, आणि पाठीवरून हुकूम, "डावीकडनं. तिथं निसरडं हाय. आता उजवीकडं." सहा वर्षांनी, आणि एक दगड चुकला नाही! मी मागून काठी टेकत. दर दहा पावलांवर बसत होते. मालक मागं वळून बघायचे आणि बाळासोला म्हणायचे, "थांब रं, त्या बाईंना येऊ दे."

खिंडीत आता सिमेंटची चौकी आहे, भोंग्याचा खांब आहे. हवालदार विजयसिंह बाहेर आले. शिरोळकडचे आहेत. मी विचारलं, नदीकाठचा उसातला माणूस डोंगरात कसा रमला? म्हणाले, "रमायला कुणी विचारलं न्हाय आजी."

ओटा कुठंच दिसेना. कमरेएवढं गवत. बाळासो कोयत्यानं कापायला लागला तर मालकांनी त्याला बाजूला केलं. खाली बसले. गवतात हात घातला, चाचपत चाचपत गेले, आणि वर काढला तेव्हा मुठीत काळा खडा. मऊ, अंड्यासारखा. सहा वर्षं मातीत पडलेला. सदऱ्याला पुसला आणि खिशात टाकला.

बाळासोनं कोयता खाली टाकला. हवालदारांनी खाडकन सलाम ठोकला. "आण्णा, समदी उतरली?"

मालक उत्तर द्यायच्या आधीच परत गवतात हात घालून चाचपायला लागले होते. ऊन डोक्यावर आलं होतं. आम्ही दोघांनी त्यांना काखेत धरून उठवलं. "चला आण्णा, झालं काम. ऊन लागंल."

खाली आलो. अंबूबाईनं गरम भाकरी केली, वांग्याची भाजी केली. मी स्वतः ताट वाढलं. सगळी त्यांच्या तोंडाकडं बघत बसलेली.

ताट सरकवलं.

"एक माणूस अजून वर हाय."

बाळासो उठून अंगणात गेला. मग दारातूनच म्हणाला, "आई, मंगळवारी दाखल करू. आता ऐक माझं."

मी बरं म्हटलं.

पूर्णिमा, ठेव फोन. आज मला काही बोलायचं नाही.


सोमवार, २४ नोव्हेंबर

पूर्णिमा, लिही. इस्त्री नंतर कर.

आज तोफ. दहाला सुरू होणार होती. आठला खिंडीत लाल निशाण चढलं, ते अंबूच्या अंगणातून दिसतं. मालकांनी बघितलं आणि पळाले. पळाले गं! चढणीला बाळासोनं गाठून पाठीवर घेतलं, मी मागनं काठी टेकत. हवालदार आडवे आले तर त्यांना म्हणाले, "निशाण उतरवा. ओट्यावर खडा हाय." हवालदारांनी घड्याळ बघितलं आणि बाजूला झाले.

दोन्ही हातांनी गवत उपटलं, माती उकरली. ओट्याच्या फटीत पांढरी गारगोटी.

"उचला की आण्णा," हवालदार म्हणाले.

"माझा न्हाय. झुंबरचा हाय. तिला म्याच वर नेलंतं. पायात काटा काढत बसलीती, म्हून तिचा खडा म्याच ठिवला." मग हळूच म्हणाले, "ती उतरलीच न्हाय."

मी हाताच्या अंतरावर उभी होते. त्या दिवशी बेचाळीस नावं घेतली मी. माझं घेतलं नव्हतं.

मी वाकले, गुडघे वाजले, आणि गारगोटी उचलली. त्यांनी खड्याकडं बघितलं. मग हाताकडं. मग तोंडाकडं.

"किती येळ लावलास गं," म्हणाले.

खाली येऊन दीड भाकरी खाल्ली. मधेच हात थांबवून मला विचारलं, "तू जेवलीस?" मी मालकांच्या शेजारी बसूनच खाल्लं.

आता काही दिवस आम्ही दोघं इथंच. बाळासो दुपारच्या गाडीनं निघेल, दवाखान्याचं काही बोलू नको त्याला. उद्याच्या एसटीनं धपाटे पाठव आणि शेंगांची चटणी. चटणीत लसूण हात सोडून घाल, अंबूच्या भाजीला मीठ कमी होतं म्हणाले ते. धपाटे वीस नको, चाळीस कर. दोघं जेवतोय.